दारावरची पाटी आज काढली

मंडळी, हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, याचं प्रशिक्षण आज सकाळी आमच्या शनिवार पेठेतल्या सोसायटीत झालं. पुतळ्यावर माझा हात इतका छान बसला की शिकवणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "वा काकू!"

मी विचारलं, "अहो, पण घरात असा कोसळलेला माणूस वाचेल की नाही, हे आधी सांगता येतं का?"

"खात्रीनं नाही. पण पडताना कुणी पाहिलं आणि लगेच छाती दाबायला घेतली, तर शक्यता बरीच वाढते."

मी एकटी राहते. समोरचे जोशी लगेच म्हणाले, "वहिनी, तुम्ही दुपारी पडू नका. तेव्हा तुमची बेल वाजवायची आमची हिंमत नाही." सगळे हसले. मीही हसले.

'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. कारण विचारू नये.' ही पाटी माझ्या दारावर मीच लावलेली.

घरी आले आणि पाटी काढली. जेवण झाल्यावर आडवी न होता बाहेरच्या खोलीत बसून राहिले. चार वाजून गेले, बेल काही वाजली नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, पाटीमुळे कुणी येत नाही.

तुमच्या मजल्यावर माझ्यासारखं कुणी राहतं का? उद्या काहीतरी निमित्त काढून त्यांची बेल वाजवा. दुपारीच वाजवा. अंगावर खेकसले, तर समजा सगळं ठीक आहे.