झील कोणी धरली नाही

एनेलेसीचा गळा झोम्बा डोंगराच्या उतारावरच्या सगळ्या गावांना ठाऊक. ती पहिली ओळ टाकायची आणि बाकीच्या बायका झील धरायच्या. लग्न असो नाहीतर मर्तिक, तिच्यावाचून गाणं उभं राहत नसे. पण कितीतरी वर्षं तो गळा तिचा नव्हताच, पक्षाचा होता. देशात पक्षच एक आणि त्या पक्षाचे साहेब म्हणजेच देशाचे धनी. साहेब येणार म्हटलं की लॉरी यायची आणि साहेबांचा चेहरा छापलेलं कापड कमरेला गुंडाळून बायकांनी नाचायचं. बसताना तो चेहरा बुडाखाली येऊ द्यायचा नाही, त्यावरसुद्धा पहारा!

लॉरीबरोबर यायचा फ्रॅकसन, पक्षाच्या पोरांचा म्होरक्या. एनेलेसीची आई वारली, मढं घरातच होतं, तरी यानं काठीनं दार ठोकलं. म्हणाला, "रडायचं ते उद्या रड. साहेब आजच आहेत."

एनेलेसी गेली. न जाऊन सांगते कुणाला? नवऱ्याला उचलून नेलं असतं. ती नाचली, हसलीसुद्धा, कारण कोण हसत नाही हेही बघणारे होते. परत आली तोवर आईला पुरून झालं होतं. बायकांच्या गाण्यावाचून! तिच्या गावात मेलेलं कुत्रं तेवढं असं पुरतात.

मग वारं फिरलं. लोकांना विचारलं, एकच पक्ष हवा की अनेक? लोकांनी ठणकावून सांगितलं, अनेक. त्या दिवशी एनेलेसी कुणाच्या हुकुमावाचून नाचली.

निवडणूक तोंडावर आली आणि शेजारची दोलोफिना गेली. तिच्या अंगणात बायका चटईवर पाय पसरून बसल्या होत्या, पुरुष खड्डा खणायला गेले होते. तेवढ्यात लॉरी आली आणि खाली उतरला कोण? फ्रॅकसन! आता शर्ट जांभळा, नव्या पक्षाचा. काखेत नव्या नेत्याच्या चेहऱ्याच्या कापडांचा गठ्ठा.

"मावशी, चला सभेला. आता लोकशाही आहे, जबरदस्ती नाही हं. आपखुशीनं चढा."

"आणि नाही चढलो तर?" एनेलेसीनं विचारलं.

"तर तसं वर कळवीन. तुमच्या गावच्या पाण्याच्या पंपाची दुरुस्ती राहिलीय ना?"

एनेलेसीनं त्याच्यावर बोट रोखलं. "माझी आई घरात मरून पडलेली असताना मला नेलंस. आठवतंय?"

"ते जुन्या पक्षाचं, मावशी. मी आता त्यात नाही."

"काठी पक्षाची होती रे मेल्या, हात कुणाचा होता?"

फ्रॅकसननं लॉरीकडे हात केला. "तुम्ही फक्त पहिली ओळ टाका, बाकीच्या आपोआप चढतील."

"आज माझा गळा दोलोफिनाचा आहे."

"मग मीच टाकतो!" म्हणत त्यानं टाळ्या वाजवल्या आणि फाटक्या आवाजात सुरू केलं, "आमचा सूर्य कोऽऽण?" गाणं तेच जुनं, आता नाव तेवढं नवं घ्यायचं. तो थांबला. बायकांनी नाव घ्यायचं होतं, पण एकीनंही तोंड उघडलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, "कोऽऽण?" एकीनं मांडीवरचं पोर या बाजूचं त्या बाजूला घेतलं, तेवढंच.

"मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर बाबा," कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली. ड्रायव्हरनं हसू लपवायला तोंड फिरवलं.

खड्डा तयार झाल्याचा निरोप आला. दोलोफिनाला उचललं, एनेलेसीनं ओळ टाकली आणि झील अशी उठली की लॉरीचे पत्रे थरथरले. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, टोपी काढली. फ्रॅकसन वाट सोडून गठ्ठ्यासकट रस्त्याकडेच्या चरात उतरून उभा राहिला. त्याच्यासमोरून जाताना एनेलेसी म्हणाली, "कापडं घेऊन जा. राहिली तर आम्ही शेतात नेसू आणि हवं तसं बसू. मग चेहरा कुठं आला म्हणून ओरडू नकोस."

तिच्या आईला मात्र ते गाणं मिळायचं राहिलं ते राहिलंच. निवडणुकीत फ्रॅकसनचा पक्ष आला. पंप अजून बंद आहे. बायका नदीवरून डोक्यावर पाणी आणतात आणि चढावर एनेलेसी फ्रॅकसनच्या नावानं एक ओळ टाकते. ती इथं लिहिण्यासारखी नाही. तिला झील मात्र सगळ्या धरतात.