वाफशावर लावलेले मलम

माझ्या पत्नीच्या मृत्यूची जी हकिगत नांदेडच्या नातेवाइकांत सांगितली जाते, ती चुकीची आहे. ती सांगणारी माझी मेहुणी आहे, पत्नीची धाकटी बहीण. तिच्या म्हणण्यानुसार दाजींनी, म्हणजे मी, स्वतःच्या शहाणपणाच्या हट्टापायी आक्काला ऐन थंडीत ओल्या अंगाने बसवले, त्याने तिची छाती भरली आणि ती गेली. ही गोष्ट इतकी पसरली आहे की एका लग्नात, मला न ओळखणाऱ्या एका गृहस्थाने ती मलाच ऐकवली. ‘लातूरचा एक कंपाउंडर होता,’ अशी त्याने सुरुवात केली. मी म्हणालो, तुम्हाला दोन गोष्टी सांगतो. एक, तो कंपाउंडर नव्हता, सरकारी दवाखान्यातला औषधनिर्माता होता. दुसरी ऐकायला तो थांबला नाही. ती येथे लिहितो.

पत्नीची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि ठरलेल्या वारी आम्ही तिला डायलिसिसला नेत असू. या आजारात कातडी कोरडी पडते व खाज सुटते, हे पुस्तकात एका ओळीत उरकलेले आहे. घरात ते उरकत नाही. ती कंगव्याच्या दांड्याने पाठ खाजवी. दाराच्या चौकटीला खांदा लावून घाशी. पायाच्या नडग्यांवर पांढऱ्या रेघा उमटत आणि गडद चादरीवर कोंडा पडे. कोणी भेटायला येणार असे कळले की ती आधी तो झटकून टाकी. त्यात आमच्या बोअरचे जड पाणी आणि हिवाळ्यातली लातूरची कोरडी हवा.

सल्ल्यांना तोटा नव्हता. मेहुणीने खोबरेल पाठवले. मुलीने पुण्याहून हायल्युरॉनिक ॲसिडची इवलीशी बाटली पाठवली आणि फोनवर सांगितले, “पप्पा, ग्लिसरीनचा जमाना गेला. हे लई भारी असतं.” मी बाटलीमागची बारीक अक्षरे वाचली व तिला उत्तर दिले की दोघांचे काम एकच आहे, पाणी ओढून धरणे; आणि ग्लिसरीनचा कण लहान असल्याने ते कातडीत अधिक आत जाते. शिवाय ओढायला भोवती पाणी तर हवे. हवा कोरडी असली आणि वरून झाकण नसले, तर असली द्रव्ये कातडीच्या आतलेच पाणी वर ओढतात आणि ते उडून जाते. मुलगी म्हणाली, “तुम्हाला कुणाचंच पटत नाही.” हेही चूक आहे. खोबरेल कातडी मऊ करते, हे मी मान्य केले होते; फक्त ते पाणी पुरेसे रोखत नाही. ज्या मलमात सेरामाइड असते तेही मी चांगले म्हटले होते. दगडी भिंतीच्या फटींत चुना भरावा तसे ते काम करते, परंतु सावकाश, आणि आमच्या घरात सावकाशीला जागा उरली नव्हती.

राहिले साधे पेट्रोलियम जेलीचे मलम. त्याला सगळे हसतात. त्याच्यापाशी द्यायला स्वतःचे काही नसते, हे खरे. आहे ते पाणी जाऊ न देणे एवढेच त्याला येते. म्हणूनच ते लावण्याआधी कातडीवर पाणी असावे लागते. कोरड्या अंगावर ते फासणे म्हणजे रिकाम्या रांजणावर झाकण ठेवणे. जुन्या काळी दवाखान्यात आम्ही काचेच्या पाटीवर सुरीने मलम घोटत असू, तसे मी घरी मऊ पॅराफिनमध्ये, म्हणजे त्याच जेलीत, थोडे ग्लिसरीन घोटले आणि पत्नीला म्हणालो, “आंघोळ झाली की अंग खसाखसा पुसायचे नाही. पंच्याने नुसते टिपायचे आणि ओलसर असतानाच हे लावायचे.”

ती निलंग्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. क्षणभर विचार करून म्हणाली, “म्हणजे वाफशावर.”

पावसानंतर रानात चिखल उरलेला नसतो आणि माती वाळलेलीही नसते, त्या स्थितीला वाफसा म्हणतात. पेरणी तेव्हाच करायची. औषधशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात मला याहून नेमका शब्द मिळाला नव्हता, आणि मी ग्रंथ पुष्कळ वाचले आहेत. त्या दिवसापासून ती न्हाणीच्या दारात खुर्चीवर बसे, स्वतःच्या मनगटावर बोट फिरवी आणि मला थोपवून धरी.

“थांबा, अजून चिखल हाय.”

मी मलम हातात घेऊन उभा.

“हं. आता पेरा.”

हे ओल्या अंगाने बसवून ठेवणे नव्हे. दार लावलेले असे, शेजारी शेगडी असे, आणि मलम लागताच खांद्यांवर शाल येई.

त्याच सुमारास मेहुणी चार दिवस राहायला आली; थंडीचा कडाका अजून पडायचा होता. टाचांच्या भेगांसाठी मी वेगळी ट्यूब आणली होती. तिने खोका उलटून पाहिला आणि स्वयंपाकघरातून ओरडली, “आगं आक्का, हे युरिया लावून राहिले तुला!”

“लावू दे,” पत्नी म्हणाली. “टाचंला पीक आलं की तुला कणसं धाडते.”

“हसू नको. रक्तात युरिया वाढला म्हणून तर तुला मशीनला लावतेत, अन् दाजी वरून अजून टाकायलेत!”

मी शांतपणे समजावले. शांतपणे नाही असे मेहुणी सांगते, ते खोटे आहे. शेतातला युरिया व मलमातला युरिया पदार्थ म्हणून एकच, पण तो निरोगी कातडीतही मुळात असतोच. तेथे तो पाणी धरतो आणि जाड झालेली कातडी मऊ करतो. ट्यूबमधल्या एवढ्याशा युरियाने रक्तातला वाढत नाही, हे मी डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारून घेतले होते. चिरलेल्या जागी तो झोंबतो, म्हणून नडगीला मी तो कधीही लावला नाही. मेहुणीने सगळे ऐकून घेतले आणि ट्यूब कपाटाच्या वरच्या फळीवर, पत्नीचा हात पोहोचणार नाही अशी, ठेवून दिली.

पौषात पत्नीला ताप आला. न्यूमोनिया निघाला. अशा रुग्णांची प्रतिकारशक्ती खालावलेली असते, कोणताही जंतू पुरतो, असे डॉक्टर म्हणाले. कातडीचा ओलसरपणा छातीत उतरत नाही. दवाखान्यातही मी तिचे हात टिपून मलम लावीत होतो. शेवटी ती बोटाने वेळ सांगेनाशी झाली, तेव्हा मलाच अंदाज करावा लागला. तो बरोबर येत होता की नाही, कोणास ठाऊक.

पहिला स्मृतिदिन मेहुणीच्या घरी, नांदेडजवळच्या विष्णुपुरीला झाला. बुद्धवंदना झाली, खीर वाढून झाली, आणि जमलेल्या बायकांत ती पुन्हा तेच सांगताना माझ्या कानांवर आले. मी पंगतीतून उठून तिच्यासमोर उभा राहिलो.

“तू पाहिलंस का? तू होतीस का त्या थंडीत?”

“मी नव्हते, दाजी. आक्का होती. आक्कानंच मला फोनवर सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“लई गार लागतंय गं, म्हणली. हे अंग पुसू देईनात, म्हणली.”

मुलगी माझा दंड धरून म्हणाली, “पप्पा, बसा.” मी बसलो नाही. मला ती काही बोललेली नव्हती. मी रोज विचारीत असे, बरे वाटते का, आणि ती रोज हो म्हणत असे.

“पुढं काय म्हणाली?” मी विचारले. “एवढंच म्हणून थांबली नसणार. माझ्यासोबत तिनं सगळा संसार केला, तिचं वाक्य मला माहीत आहे.”

मेहुणीने खिरीच्या पातेल्यावर झाकण ठेवले. ती भांडखोर आहे, खोटारडी नाही, हे मला मान्य करावे लागेल. “‘पण’ म्हणली होती,” ती हळूच बोलली. “‘पण’ म्हणली, अन् तेवढ्यात तुमची रिक्षा आली दवाखान्यात जायला. ठिवते म्हणली.”

म्हणजे ‘पण’ होता. इतके महिने तिने तो गाळून ही गोष्ट जिल्हाभर सांगितली. ‘पण खाज थांबते,’ असेच ते वाक्य पुरे होणार होते, यावर मी वाद घालायला तयार आहे. मुलीला वाटते, ‘पण त्यांना बोलू नकोस’ असे असेल. त्या शक्यतेविषयी मी तिच्याशी भांडलो, आणि घरी परतल्यावर एकट्यानेही भांडत असतो.

त्या दिवशी निघताना बसथांब्यावर मी मेहुणीला म्हणालो, “यापुढे सांगशील तेव्हा तो ‘पण’ही सांगत जा. अर्धवट सांगू नकोस.”

“सांगीन की, दाजी,” ती डोळ्यांना पदर लावून म्हणाली. “पण त्याच्या पुढं काय सांगू?”

लातूरची बस लागली होती. मुलीने माझी पिशवी उचलली. मी बसमध्ये चढलो.