फळ्यांखालची फट

अमेरिकेतल्या ड्युलुथच्या आउने लाहती या म्हातारीने चाळीस वर्षं घराच्या बाहेरच्या लाकडी फळ्या हिवाळ्याआधी स्वतः रंगवल्या. यंदा गुडघ्यांनी दगा दिला म्हणून जावयाने, कर्टिसने, ते काम केलं आणि प्रत्येक फळीखालची फट सिलिकॉनने बुजवून टाकली. ते दिसताच म्हातारी गुडघे विसरून सुरी घेऊन शिडीवर चढली आणि सिलिकॉन खरवडायला लागली.

"आई, बर्फाचं पाणी आत जाईल!"

"आणि आत गेलेलं बाहेर कुठून येणार, जावईबापू? तुमच्या डोक्यातून? तिथेच गोठेल, फळ्या कुजतील!"

"पण बाहेरून किती छान दिसतंय."

"माझा नवराही बाहेरून छानच दिसायचा. सगळं आत दाबलं, कधी हूं की चूं केलं नाही. आत काय सडलंय, ते मला डॉक्टरने सांगितलं. शिडी धरा!"