ताईचा पासपोर्ट

माझी बहीण विलायतेला गेली नाही, कारण तिला पोचवायला स्टेशनवर मी गेलो होतो.

कुसुमताई मलकापूरच्या दवाखान्यात नर्स होती. तिच्या मैत्रिणीला इंग्लंडच्या एका इस्पितळात नोकरी लागली, तिने ताईलाही अर्ज करायला लावला आणि ताईची नेमणूक झाली. बोटीचं तिकीट आलं. माय आठ दिवस रडली, नवव्या दिवशी तिने दशम्यांचं पीठ मळलं. घरात शिकलेला पुरुष मी एकटा (प्राथमिक शाळेत मास्तर), म्हणून सगळी व्यवस्था मी अंगावर ओढून घेतली.

फलाटावर ही गर्दी!

"ताई, पासपोर्ट माह्याजवळ दे. गाडीत बसली का देतो."

"राहू दे ना, वसंता. पिशवीत आहे."

"पिशवी कोणी मारली म्हंजे? तुले काही समजते काय?"

तिने दिला. मी तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवून वरून गुंडी लावली.

गाडी आली. मी ट्रंक चढवली, वळकटी चढवली, खिडकीच्या जागेसाठी एकाशी भांडलो. मग खाली उतरून, परदेशात कसं वागावं ते ताईला सांगू लागलो. (मी स्वतः भुसावळच्या पुढे गेलो नव्हतो.) गाडी हलली. ताई खिडकीतून हात पुढे करून काहीतरी ओरडत होती, पण शिट्टीत ऐकू आलं नाही. मला वाटलं, निरोप घेते आहे. मी तो हात दोन्ही हातांनी दाबला आणि रडलो.

घरी कोट काढताना खिसा हाताला लागला.

मिळेल त्या गाडीने मुंबई गाठली. बोट गेली होती. ताई धक्क्याबाहेर ट्रंकेवर बसली होती. काय बोलायचं याची उजळणी मी नाशिकपासून करत आलो होतो. तिच्यासमोर मी नुसती खिशाची गुंडी सोडली आणि पासपोर्ट पुढे केला.

"जेवला काय?" तिने विचारलं आणि दशम्या सोडल्या.

इस्पितळाने ती जागा दुसरीला दिली. "पुन्हा अर्ज कर," म्हणून मी मागे लागलो, पण त्याच वर्षी मायला अर्धांगवायू झाला. माय आठ वर्षं खाटेवर होती. मैत्रिणीचे बर्फातले फोटो येत. ताई ते एकदा बघून पेटीत ठेवायची.

ती निवृत्त झाली तेव्हा गावाने सत्कार केला. अध्यक्ष म्हणाले, "ह्या मास्तरनं बहिणीले विलायतेचा मोह पडू देला नाही, म्हणून आपली लेकरं वाचली. मास्तरचाही सत्कार झाला पाह्यजे."

मी ताईकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत होती.

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून मी उठलो, तेवढ्यात कोणीतरी खांद्यावर शाल टाकली. शाल चांगली ऊबदार होती. मी नारळ घेतला आणि खाली बसलो.