जाता-जाता वजा

आमच्या ऑफिसातल्या अंदाज्यांचं खरं नाव पगाराच्या दिवसाखेरीज कुणाच्या तोंडी येत नसे. "मुलं किती तुम्हाला?" असं विचारलं तरी हा गृहस्थ आधी छताकडे बघायचा आणि मग म्हणायचा, "अंदाजे दोन." बायकोने फोनवर "जेवायला येताय ना?" विचारलं की "अंदाजे हो." एवढ्या भांडवलावर नाव पडलं आणि बुडाला चिकटलेल्या डिंकासारखं राहिलं.

त्यात त्यांचाही दोष नव्हता, धंदाच तसला. जी इमारत अजून उभी नाही, तिच्या फाटकातून संध्याकाळी किती गाड्या बाहेर पडतील ते सांगायचं. डॉक्टरला निदान रोगी तरी बघायला मिळतो. इथे रोगी जन्माला यायचाय आणि त्याचा खोकला मोजायचाय. बिल्डर नकाशा आणून टाकायचा, खाली दुकानं, मध्ये कचेऱ्या, वर राहती घरं. त्या कागदातून अंदाजे गाड्या काढायचे. जास्त निघाल्या तर पालिका म्हणायची, रस्ता रुंद करा. कमी निघाल्या तर बिल्डर म्हणायचा, माणूस हुशार आहे.

गाड्या कमी करण्याचं आमच्याकडचं रामबाण औषध म्हणजे 'जाता-जाता'. समजा, तुम्ही कामावरून घरी निघालात आणि वाटेत थांबून टूथपेस्ट घेतलीत. तुम्ही रस्त्यावर होतातच. दुकानाने काही तुम्हाला घरातून उठवून आणलेलं नाही. मग तुमची फेरी त्या दुकानाच्या डोक्यावर कशाला? 'जाता-जाता' म्हणायचं आणि वजा करायची. शास्त्र खरं आहे. फक्त किती वजा करायचं, एवढंच ते जरा हळू आवाजात सांगतं. आमच्या अहवालांवर विश्वास ठेवला, तर या शहरात मुद्दाम कुणी कुठे जातच नाही.

अंदाज्यांना एक थोरली बहीण होती. वडील लवकर गेले, तेव्हा ताईंनी शिलाई मशीन चालवून धाकट्याला इंजिनियर केलं. स्वतःचं लग्न "ह्याचं शिक्षण होऊ दे" म्हणून पुढे ढकललं, ते पुढेच राहिलं. रस्त्याला लागून त्यांची पुढची खोली. खिडकीत मशीन, दारावर पाटी: 'कपडे घट्ट-सैल करून मिळतील.' लोक जाड झाले तरी ताईंचा फायदा, बारीक झाले तरी ताईंचा. मधल्या मध्ये राहणाऱ्या माणसांचा तेवढा त्यांना राग.

अंदाज्यांची घरी जायची वाट तिथूनच होती. रोज संध्याकाळी स्कूटर दारात उभी करून हे आत डोकं घालायचे. "जाता-जाता आलो गं."

"माहितीये," ताई दातातला दोरा न सोडता म्हणायच्या. "माझ्याकडे म्हणून निघाला असतास, तर मी आधी थर्मामीटर शोधला असता. बस, चहा टाकते."

त्या खोलीसमोर काचेच्या बंद कारखान्याची मोठी जागा होती. तिचा आराखडा आमच्याकडेच होता. पहिल्या आराखड्यात फाटक मागच्या हमरस्त्याला होतं, तेव्हा कुणाला काही त्रास नव्हता. मग सुधारित आराखडा आला. सुधारणा अशी की दुकानं दुप्पट झाली, सिनेमागृह वाढलं आणि फाटक फिरून ताईंच्या खिडकीसमोर आलं.

अंदाज्यांनी आधी इमानदारीने हिशेब केला. गाड्या मर्यादेच्या वर गेल्या. म्हणजे रस्ता रुंद होणार, तोही ताईंच्या बाजूने, आणि पुढची खोली मशीनसकट जाणार. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. मग बाह्या सरसावल्या आणि 'जाता-जाता' वाढवलं. तेवढ्याने भागेना, म्हणून वर राहणारी माणसं खालच्या दुकानांत लिफ्टनेच उतरतील, रस्त्यावर येणारच नाहीत, असंही मांडलं. आकडा मर्यादेच्या खाली आला, पण केसभरच. देव जाणे कुणाचा केस.

आमचे साहेब अहवाल वाचून इतके खूश झाले की त्यांनी अंदाज्यांच्या पाठीवर थाप मारली. "इतकी वर्षं तुम्ही नुसतं मोजत होतात हो. आज इंजिनियर झालात!"

संध्याकाळी अंदाज्यांनी ताईंना सांगितलं, "तुझी खोली वाचवली मी."

"सगळी?"

"अंदाजे सगळी."

इमारत उभी राहिली, दिवे लागले, आणि ज्या गाड्या अंदाज्यांनी वजा केल्या होत्या त्या सगळ्या आल्या. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं ना! वरची माणसं लिफ्टने उतरायची, ती थेट तळघरातल्या आपापल्या गाडीत, आणि दुसऱ्या टोकाच्या दुकानात जायची. रुंद न झालेल्या रस्त्यावर भोंग्यांची जत्रा भरली. ताईंनी धुरामुळे खिडकी लावून घेतली. दारासमोर सायकल टेकवायला जागा उरली नाही, मग पँट घट्ट करायला येणारा माणूस 'चालतंय, पट्टा बांधू' म्हणू लागला. गिऱ्हाईक आटलं.

आणि अंदाजेही आटले. त्या कोंडीत दोनतीनदा अडकल्यावर त्यांनी मागचा हमरस्ता धरला. तिकडून घर लवकर यायचं. ताईंचा ऑफिसात फोन आला, तेव्हा आम्ही शेजारच्या टेबलावर होतो.

"अरे, जाता-जाता तरी ये."

"ताई, आता तिकडून जाणंच होत नाही गं."

पलीकडे ताई हसल्या असाव्यात, कारण अंदाज्यांनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला.

कोंडीच्या तक्रारी वाढल्या, तसा बिल्डरने सुधारित आराखडा पुन्हा सुधारला. गाड्या बाहेर काढायला आणखी एक वाट हवी. ती ताईंच्या घरावरून जाणार होती, आणि या खेपेला नुसत्या पुढच्या खोलीवरून नव्हे, अख्ख्या घरावरून. पालिकेने अट मात्र दयाळू घातली. ज्या घरात चालू दुकान आहे त्याला नव्या इमारतीत तळमजल्यावर गाळा. नुसतं राहतं घर असेल तर शहराबाहेरच्या वसाहतीत, वरच्या मजल्यावर खोली. दुकान कुठलं हे कसं ठरवायचं? तिथे मुद्दाम किती माणसं येतात, त्यावर. आणि हे मोजणार कोण? आमचंच ऑफिस.

साहेबांनी अंदाज्यांनाच पाठवलं. "घरचाच माणूस आहे, चहा तरी मिळेल."

ताईंनी दार उघडलं. "आज मुद्दाम?"

"कामाला आलोय, ताई."

"हो, तेच म्हटलं."

दिवसभर दोघं समोरासमोर बसली, एक मशीनवर, एक मोजणीवर. दोनच माणसं आली, दोघंही समोरच्या इमारतीतून, एक बटण लावायला आणि एक पँट सैल करायला. अंदाज्यांनी दोघांची नोंद केली, आणि थोडा विचार करून तिसरी फेरी लिहिली: भाऊ, रोज संध्याकाळी.

"आमची बाळी अजून खोटं लिहिते वाटतं," ताई वाकून बघत म्हणाल्या. लहानपणी त्या भावाला रडवायला 'बाळी' म्हणत. "लिही, लिही. गाळा मिळाला तर तुझे शर्ट फुकट शिवीन."

साहेबांनी तो कागद वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. "हे दोघे कुठले?"

"समोरच्या इमारतीतले."

"म्हणजे कामाला आलेले होतेच. रस्ता ओलांडला इतकंच. जाता-जाता. वजा." लाल रेघ. "आणि हा भाऊ?"

अंदाज्यांनी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"अहो, तुम्हीच ना? घरी जाता-जाता थांबायचात, ऑफिसभर सांगत होतात. वजा."

"साहेब, ती माझी बहीण आहे. एवढं एक..."

"अहो, कळतं मला," साहेब मायेने म्हणाले. "पण समोरच्या इमारतीला तुम्ही जेवढं वजा केलंत, तेवढं इथेही करायला नको? एका रस्त्याला दोन शास्त्रं कशी चालतील? इथे सोडलं, तर उद्या तुमचा पहिला अहवाल कुणी उघडून बघेल. मग तुमची नोकरी आणि माझं ऑफिस, दोन्ही जाता-जाता."

यावर ऑफिसात हशा पिकला. आम्हीही हसलो. अंदाज्यांनी सही केली.

'मुद्दाम येणारे: शून्य.' आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या अहवालात एक आकडा आला, ज्याच्या मागे 'अंदाजे' नव्हतं.

ताईंना शहराबाहेर पाचव्या मजल्यावर खोली मिळाली. मशीन वर चढवताना एका हमालाने विचारलं, "ताई, आता इथे कोण शिवायला येणार?" त्या म्हणाल्या, "हळू धरा. तिला लागलं तरी चालेल, जिन्याला लागायला नको."

ती वसाहत शहराच्या ज्या टोकाला आहे, त्याच्या पुढे रस्ताच नाही. तिकडून कुणाची घरी जायची वाट जात नाही. तिथे जाता-जाता जाताच येत नाही. जायचं तर निघावंच लागतं.

वर्षभराने आम्ही अंदाज्यांना सहज विचारलं, "काय हो, ताईंकडे जाणं होतं का?"

"होतं की."

"कितीदा गेलात?"

त्यांनी सवयीने छताकडे पाहिलं.

"अंदाजे एकदा."