आग्र्यापर्यंतची ड्युटी

ज्या घरात एक माणूस विसरायला लागतं, त्या घरात बाकीच्यांच्या सगळंच लक्षात राहायला लागतं. कोण काय बोललं, कुठल्या गावात बोललं, तेव्हा पुढ्यात चहा होता की उसाचा रस, सगळं! आमच्या आग्र्याच्या ट्रिपचे किस्से असेच साठलेत. घरी पाहुणा आला की शांताआत्या ताट वाढता वाढता एखादा सांगते आणि पाहुणा घास हातात धरून हसत बसतो. मीही हसते. हसून झालं की अप्पा जागेवर आहेत ना, हे एकदा वळून बघते.

अप्पा म्हणजे माझे वडील. मकबऱ्यावर पहारेकरी होते. 'बीबी का मकबरा' हे पूर्ण नाव आमच्या शहरात रिक्षावाले फक्त टुरिस्टला सांगतात, आम्ही नुसतं मकबरा म्हणतो. अप्पांची सगळी नोकरी त्या एका इमारतीभोवती गेली. चपला बाहेर काढायला लावायच्या, भिंतीला हात लावू द्यायचा नाही, आणि संध्याकाळी शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर काढायचं. कुठून कुठून लोक ती इमारत बघायला यायचे, पण अप्पांनी दुसरी एकही बघितली नव्हती. म्हणायचे, "रिटायर झालो की दुसऱ्याच्या ड्युटीवर जाऊन मोकळं हिंडणार."

रिटायर झाले, पण माझं लग्न आणि आईचं आजारपण यात वर्षं गेली. आई गेली. मग हिंडायला सवड झाली, तर अप्पा विसरायला लागले. डॉक्टर म्हणाले, हळूहळू माणसंही विसरतील. ते वाक्य मला भाजी निवडताना, गाडीला किक मारताना, कधीही आठवायचं. भीती एकच होती. एक दिवस अप्पा माझ्याकडे बघतील आणि मी कोण ते त्यांना कळणार नाही. तो दिवस यायच्या आत त्यांना सगळं दाखवायचं, असं मी ठरवलं. माझ्या नवऱ्यानं, संजयनं, कार सर्व्हिसिंग करून आणली, अप्पांची धाकटी बहीण शांताआत्या करमाडहून बॅग घेऊन आली, आणि आम्ही चौघं सिल्लोडच्या रस्त्याला लागलो.

*

प्रवासात मी एक सवय लावून घेतली. गाडी सुरू झाली की मागं वळून विचारायचं, "अप्पा, माझं नाव काय?" ते "सुजाता" म्हणाले की मला पुढच्या गावापर्यंत बरं वाटायचं.

पहिल्या दिवशी फर्दापूरला चहा प्यायलो, तिथं विचारलं. मुक्ताईनगरला विचारलं. बऱ्हाणपूरची पाटी दिसली तेव्हा परत विचारलं. अप्पांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग आत्याकडं.

"शांते, हिला दवाखान्यात दाखवा. तासातासाला सोताचं नाव इसरतीय."

संजयला इतकं हसू आलं की त्यानं गाडी बाजूला घेतली. मी मात्र त्यांनी नाव घेतलं नाही, एवढंच धरून बसले.

*

बऱ्हाणपूरच्या किल्ल्यात राण्यांचा जुना हमाम आहे. वर छताला रंगीत नक्षी, आत गारवा. अप्पा हात मागं बांधून सावकाश बघत होते. इतके खुश की मला वाटलं, डॉक्टरचं काहीतरी चुकलंय.

तेवढ्यात कोपऱ्यात एक तरुण गाडीच्या किल्लीनं भिंतीवर बदाम कोरायला लागला. शेजारी त्याची बायको मोबाईलवर व्हिडिओ काढत होती.

"ओ मियाँ, हात निकालो!"

अप्पांचा तो आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला. त्या पोरानं किल्ली खाली टाकली, त्याच्या बायकोनं मोबाईल पर्समध्ये टाकला, आणि गंमत म्हणजे दारात खुर्चीवर बसलेला तिथला पहारेकरीसुद्धा ताडकन उठून उभा राहिला. तो बिचारा अप्पांना बाहेरपर्यंत सोडायला आला. खात्यातले कुणी मोठे साहेब अचानक तपासणीला आलेत, असं वाटलं त्याला.

गाडीत मी आणि आत्या हसत होतो. अप्पा खिडकीतून बघत शांतपणे म्हणाले, "उद्या माजी रजा टाका. रोज येवढ्या लांब ड्युटीला येनं झेपत नाय." मग कुणीच हसलं नाही.

*

मांडूला संजयनं शक्कल काढली. अप्पांच्या मोबाईलचं लोकेशन स्वतःच्या मोबाईलवर चालू केलं. आता काळजी नाही म्हणाला, ठिपका बघायचा आणि निवांत फोटो काढायचे. जहाज महालाच्या पायऱ्यांवर बसून तो मला दर थोड्या वेळानं बातमी द्यायचा. अप्पा तळ्यापाशी आहेत. अप्पा सावलीत थांबलेत.

मग ठिपका हलला. गेटाकडं, गेटाच्या बाहेर, आणि सरळ रस्त्यानं निघाला. आम्ही पळत सुटलो. माझ्या पायातली चप्पल कुठं गेली ते मला कळलं नाही. ठिपक्यामागं पळत पळत आम्ही एका मक्याच्या कणसाच्या गाडीपाशी पोचलो. तिथं शांताआत्या कणीस भाजून घेत होती. अप्पांनी सकाळीच मोबाईल तिच्या पिशवीत टाकला होता, खिशात जड होतो म्हणून.

अप्पा कुठं होते? तिथंच, जहाज महालाच्या पायऱ्यांवर. संजय बसला होता त्याच्या दोन पायऱ्या वर बसून तळं बघत होते. आम्ही घामाघूम होऊन परत आलो, तर माझ्या अनवाणी पायांकडं बघून म्हणाले, "चपला बाहेर काढल्या, ते बरं केलं."

*

सांचीला माझा जीव सगळ्यात जास्त थाऱ्यावर होता. सकाळची वेळ, फारशी गर्दी नाही. आम्ही स्तूपाला प्रदक्षिणा घातली आणि एका झाडाखाली बसून वंदना म्हटली. मला मध्येच एक ओळ आठवेना. संजयची तर पंचाईतच झाली, तो नुसते ओठ हलवत होता. अप्पा मात्र डोळे मिटून एकही शब्द न चुकता शेवटपर्यंत म्हणत राहिले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

वंदना झाल्यावर अप्पांनी डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "सुजाताची आई कुठं ऱ्हायली?"

आई जाऊन बराच काळ झाला होता. संजय बुटाची लेस बांधायला खाली वाकला. आत्या पदरानं तोंड पुसत म्हणाली, "ती पुढं गेली, दादा."

"तिला कायमच घाई," अप्पा म्हणाले आणि उठून चालायला लागले.

हा किस्सा आत्या पाहुण्यांना सांगत नाही.

*

आणि मग आग्रा. मोठ्या दरवाजाच्या कमानीतून आत शिरल्यावर सगळेच जागच्या जागी थांबतात, तसे आम्हीही थांबलो. समोर ताजमहाल! मी अप्पांचा हात घट्ट धरला होता. त्यांच्या तोंडाकडं बघत होते. याच क्षणासाठी एवढा प्रवास केला होता. अप्पा बराच वेळ बघत राहिले.

"मकबरा लई मोठा केला की रे यांनी."

आमच्या गावचं कुणीही ताजमहालासमोर उभं राहिलं की मनात हेच येतं, फक्त बोलत नाही. लहानपणापासून मकबरा बघितलेला असतो. आधी नक्कल बघायची आणि मग अस्सल, हे आमच्याच नशिबात. आत्या तर तिथंच कट्ट्यावर बसून हसायला लागली. मग अप्पांनी कारंज्यांची रांग बघितली, चारही मिनार निरखले आणि समाधानानं म्हणाले, "पर साफसफाई चांगली ठिवली हाय." मीही हसले. पण ते थट्टेनं बोलत नव्हते, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. त्यांच्या दृष्टीनं ते परत कामावर आले होते. पाठ ताठ झाली, चाल बदलली. एकदा तर त्यांनी खिशात शिट्टी चाचपून बघितली.

संध्याकाळ झाली, बंद व्हायची वेळ आली. तिथल्या शिपायांनी शिट्ट्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळी गर्दी एकदम दरवाजाकडं वळली. त्या रेट्यात अप्पांनी माझा हात सोडवून घेतला. निसटला नाही, त्यांनी सोडवून घेतला. मी वळेपर्यंत अप्पा दिसेनासे झाले.

संजय बाहेरच्या गेटाकडं धावला. आत्या कमानीखाली उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याचं तोंड बघत होती. मी गर्दीच्या उलट्या दिशेनं आत जात होते, हाका मारत होते, लोकांचे धक्के खात होते. एका शिपायानं मला अडवलं, मी रडत रडत काहीतरी सांगितलं, त्यानं सोडलं. परक्या गावात, एवढ्या गर्दीत, आपला पत्ता न सांगता येणारं माणूस. मीच हट्टानं त्यांना इथवर आणलं होतं.

गर्दी विरळ झाली तेव्हा पार टोकाला, चौथऱ्याच्या पायऱ्यांपाशी, मला अप्पा दिसले. दोन्ही हात पसरून, मागं राहिलेल्या लोकांना पुढं घालत येत होते. "चलो भई, चलो, टाइम हो गया. बच्चे सँभालो." लोक मुकाट्यानं ऐकत होते. तिथला एक शिपाई चार पावलं मागून त्यांच्याबरोबर चालत होता.

मी पळत जाऊन समोर उभी राहिले. नुसतं "अप्पा, अप्पा" एवढंच तोंडातून येत होतं.

अप्पा थांबले. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. बाकीच्यांना हातानं पुढं जायची खूण केली आणि माझ्याजवळ आले.

"अप्पा हरवले व्हय तुजे? रडू नगं, बाई. कशे दिसत्यात, सांग मला."

मी सांगितलं. उंच आहेत. मिशा पांढऱ्या आहेत. गुडघा दुखतो, त्यामुळं जरा वाकडं चालतात. आवाज मोठा आहे.

त्यांनी सगळं मन लावून ऐकलं. मग माझा हात धरला.

"चल. त्ये सापडल्याबिगर मी गेट लावत नाय."