कागदावरचे तीन गोल

ऑफिसात असताना कागद फायलीत जायचे आणि फाइल कपाटात. निवृत्त झाल्यावर कळलं, की किस्स्यांना कपाट नसतं. एक काढायला जावं तर त्याला टाचलेले आणखी चार बाहेर येतात, आणि मूळ काय शोधत होतो ते राहून जातं. आमच्या फुटबॉल क्लबाचं तसंच आहे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, न्यू जर्सीतलं एडिसन गाव, आणि क्लब टिकला जेमतेम तीन वर्षं. पण आजही आम्ही जुने लोक कुणाकडे जेवायला जमलो, की आमटी वाढून होण्याआधी कुणीतरी म्हणतंच, "लेले, ते प्लेऑफचं सांगा हो."

मी सांगतो. क्लबाचा सेक्रेटरी मीच होतो. बाकी सगळे इंजिनियर नाहीतर डॉक्टर. विमा कंपनीत कारकून असलेला मी एकटा. पत्रव्यवहार माझ्याकडे असावा, हे त्यामुळे कुणाला ठरवावं लागलं नाही.

* * *

क्लब काढला सुधाकर मोघ्यांनी. वय एक्केचाळीस, पोट होतकरू.

मोघ्यांचे वडील, आबा, सांगलीच्या एका शाळेत चौतीस वर्षं ड्रिल मास्तर होते. शाळेची फुटबॉल टीम तेच निवडत. त्या चौतीस वर्षांत निम्मी सांगली त्या टीममधून खेळून गेली. मोघे तेवढे राहिले.

"विचारलं नाहीत कधी, का घेतलं नाही म्हणून?" मी एकदा मोघ्यांना म्हटलं.

"विचारलं की. आबा म्हणाले, मी खेळ बघून घेतो, नातं बघून नाही."

त्या रागावर मोघे इंजिनियर झाले, अमेरिकेत आले, नोकरीला लागले, घर घेतलं आणि मग फुटबॉल क्लब काढला. काही लोकांचा राग लवकर जातो.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी आबा पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते. मोघ्यांनी ठरवलं, आपला एक गोल होईपर्यंत आबांना ग्राउंडवर न्यायचं नाही. सीझन सप्टेंबरात सुरू झाला. ऑक्टोबर संपत आला तरी आबा घरीच होते.

* * *

आमचे गोलकीपर डॉक्टर देवधर. हॉस्पिटलात भूल द्यायचं काम. टीमलाही तीच सेवा.

रविवारी ते ऑन कॉल असले, की बीपर गोलपोस्टच्या जाळीला अडकवून ठेवत. एका मॅचला ऐन हाफटाइमच्या तोंडावर तो वाजला. डॉक्टर शिस्तीचे. त्यांनी ग्लोव्ह्ज काढले, बायकोला हाक मारून सुटी नाणी घेतली आणि पार्किंग लॉटच्या टोकाला असलेल्या फोन बूथकडे चालू लागले. रेफरीला वाटलं, पाणी प्यायला गेले असतील. खेळ चालू राहिला.

डॉक्टर दहा मिनिटांनी परतले. तेवढ्या वेळात आमच्यावर एकही गोल झाला नाही.

ते आल्यावर दोन झाले.

* * *

तरीही आम्ही प्लेऑफला पोचलो. आमच्या लीगमध्ये सगळ्यात खालच्या डिव्हिजनच्या पहिल्या चार टीम प्लेऑफ खेळत आणि त्यातून एक वरच्या डिव्हिजनमध्ये जाई. याला प्रमोशन म्हणत. प्रमोशन या शब्दाशी माझा नोकरीभरात आलेला हा एवढाच संबंध.

आम्हाला तीन विजय मिळाले, आणि ते कसे मिळाले हे सांगितलं पाहिजे. पहिल्या वेळी समोरच्या टीमची व्हॅन रस्ता चुकली आणि ते वीस मिनिटं उशिरा आले. नियमाप्रमाणे पंधरा मिनिटांनंतर मॅच आमची. त्यांचा कॅप्टन हात जोडायचाच बाकी होता. मोघे पाघळले.

"खेळू या की लेले. एवढ्या लांबून आलेत बिचारे."

"खेळलो तर हरू," मी म्हटलं आणि तिथेच पत्र लिहायला घेतलं.

दुसऱ्या वेळी एका टीमचा सेंटर फॉरवर्ड दोन क्लबांतून, दोन स्पेलिंगांनी खेळत असल्याचं माझ्या लक्षात आलं. आमच्यावर त्यानं चार गोल मारले होते. ते माझ्या पत्रानं रद्द झाले. तिसऱ्या वेळी एका टीमचं भाड्याचं ग्राउंडच गेलं, मॅच रद्द झाली, आणि त्याबद्दल आम्हाला मनापासून वाईट वाटत असल्याचं मी लीगला कळवलं. नियमाचा क्रमांक खाली दिला.

अशा विजयाला लीग एक गोल बहाल करत असे. सीझनअखेर आमच्या नावावर तीन गोल होते. तिन्ही टाइप केलेले.

मोघे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "लेले, तुमचे उपकार आहेत. पण आबांना दाखवू काय? कार्बन कॉपी?"

* * *

प्लेऑफचं पक्कं झालं तेव्हा मी ऑफिसातून मोघ्यांच्या घरी फोन केला. शैलावहिनींनी उचलला. लाइनवर खरखर होती.

"वहिनी, सुधाकररावांना सांगा, प्लेऑफ."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज. मग, "कधीपासून?"

"येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी."

"सगळ्यांनाच?"

"छे, चौघांनाच."

"पुढे काय आता?"

"पुढे प्रमोशन, देवाच्या मनात असलं तर."

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला. किती संयमी बाई, असं मला वाटलं. मग मोघ्यांनाही त्यांच्या ऑफिसात फोन करून सांगितलं.

मोघ्यांच्या कंपनीत त्या वर्षी दर शुक्रवारी कुणा ना कुणाला लेऑफ मिळत होता, हे माझ्या ध्यानात असायला हवं होतं. मी संध्याकाळी अभिनंदनाला गेलो, तर ड्राइव्हवेत सहा गाड्या. आत माणसं हळू आवाजात बोलत होती. जोशीकाकू पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांचे यजमान रेझ्युमेचा चांगला जाड कागद घेऊन आले होते. आबा कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे बघत होते.

इतक्यात मोघे घरी आले. हातात केक. दारातूनच म्हणाले, "लेल्यांनी ऑफिसात फोन करून सांगितलं. तुम्हाला कळलं ना सगळ्यांना? तीन वर्षं या दिवसाची वाट बघत होतो."

डॉक्टर देवधर उठले, मोघ्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं आणि नाडी बघू लागले.

गैरसमज दूर व्हायला अर्धा तास लागला. मग सगळे हसले, केक कापला, पोळ्या वाढल्या. जोशीकाकू तेवढ्या जरा नाराज दिसल्या.

"नुसतं फुटबॉलचं आहे हे कळलं असतं," त्या शैलावहिनींना म्हणाल्या, "तर एवढं तूप नसतं घातलं."

* * *

त्या रविवारी आमच्या सपोर्टर्सनी मिरवणूक काढली. सपोर्टर्स म्हणजे खेळाडूंच्या बायका, मुलं, आणि ज्यांना खेळायला घेतलं नव्हतं ते खेळाडू. पाच गाड्या, हॉर्न, खिडकीतून बाहेर धरलेलं एक भगवं उपरणं, आणि शेवटच्या गाडीत पातेलं बडवणारे जोशी. गुलाल मोघ्यांच्या पांढऱ्या गाडीवर पडला आणि तो पुढे दोन हिवाळे निघाला नाही.

दुसऱ्याच सिग्नलला पोलिसानं थांबवलं. खाली वाकून त्यानं आधी मोघ्यांचं लाल कपाळ बघितलं.

"तुम्हाला लागलंय का, सर?"

"नाही, ऑफिसर. सेलिब्रेट करतोय. आमची टीम प्लेऑफला पोचली."

"अरे वा. कुणाला हरवलं?"

मोघ्यांनी आरसा नीट केला. मोघ्यांनी अखेर मागच्या सीटकडे बोट दाखवलं. "यांना विचारा."

मी जमेल तेवढं थोडक्यात सांगितलं. नियम, पत्रं, तारखा. पोलिसानं पूर्ण ऐकून घेतलं. मग पाठीमागच्या चार गाड्यांवर एक नजर टाकली.

"आणि खेळून जिंकता तेव्हा काय करता?" त्यानं विचारलं.

आम्हाला अनुभव नव्हता.

* * *

मराठी माणसांनी काही मिळवलं, की सत्कार आलाच. आमचा लायब्ररीच्या तळघरात झाला. मराठी मंडळाचे अध्यक्ष पाऊण तास बोलले. त्यात फुटबॉल दोनदा आला, दोन्ही वेळा सॉकर म्हणून, आणि दोन्ही वेळा मोघ्यांनी खालून दुरुस्ती केली. मग शाल आणि श्रीफळ. डॉक्टर देवधरांचा नारळ त्यांच्या हातातून सुटला. कुणी काही म्हटलं नाही. सवय होती.

प्रमुख पाहुणे आबा. त्यांचं भाषण शेवटी. ते उठले, कोटाची बटणं लावली.

"चिरंजीव फुटबॉल खेळतात असं ऐकलं," ते म्हणाले. "मी अजून पाहिलेलं नाही. पुढच्या रविवारी पाहीन. मंगळवारी माझं विमान आहे." आणि बसले.

टाळ्या जोरात झाल्या. मोघे तेवढे शाल हातात घेऊन तिच्या किनारीकडे बघत होते.

घरी सोडताना मी त्यांना म्हटलं, "प्लेऑफलाही काही नियम सापडतो का बघू?"

"लेले," मोघे म्हणाले, "या वेळी नियमाचं पुस्तक घरी ठेवा. मला आबांच्या समोर एक गोल मारायचाय. मॅच हरलो तरी चालेल."

मॅच हरण्याबद्दल मी त्यांना निश्चिंत केलं.

* * *

प्लेऑफ. नोव्हेंबरातला रविवार, बोचरा वारा. समोर एका पोलिश बेकरीची टीम. ती माणसं पहाटे तीनला उठून पीठ मळणारी. आमची माणसं अकराला उठलेली, तीही मॅच आहे म्हणून.

आबा घडीच्या खुर्चीवर, मफलर, कानटोपी, गुडघ्यांवर शैलावहिनींची शाल. शेजारी मी, मांडीवर मॅचचा छापील फॉर्म.

हाफटाइमला शून्य-चार. नंतर शून्य-सात. आबा खुर्चीत ताठ बसून होते. मोघे मात्र धावत होते. बॉल जिथे नसे तिथेही धावत होते. मी त्या माणसाला आठ वर्षं ओळखत होतो, पण इतकं धावताना कधी पाहिलं नव्हतं.

शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली असतील. गोलपुढच्या गर्दीत बॉल एका बेकरच्या हाताला लागला आणि रेफरीनं शिट्टी मारली. आम्हाला पेनल्टी. आमच्या बाजूला कुणालाच काय करायचं ते माहीत नव्हतं. मोघ्यांनी बॉल उचलला, ठेवला, परत उचलला, परत ठेवला. चार पावलं मागे गेले.

आणि बाहेर मारला. पोस्टपासून चांगला हातभर बाहेर.

मोघे होते तिथेच गवताकडे बघत उभे राहिले. मी फॉर्मकडे बघायला लागलो. मान वर केली तर शेजारची खुर्ची रिकामी. आबा ग्राउंडमध्ये पोचले होते, शाल खांद्यावर टाकून, थेट रेफरीकडे.

मी मागून पळालो. रेफरी वयस्क, सज्जन माणूस. त्यानं हात आडवा धरला होता. आबा त्याच्यापुढे ताठ उभे राहिले आणि मराठीत म्हणाले, "याला आणखी एक मारू द्या. याची एक मागची राहिलीय."

"काय म्हणतात?" रेफरीनं मला विचारलं.

आबांच्या तोंडून अमेरिकेत आल्यापासून इंग्रजीचा एक शब्द कुणी ऐकला नव्हता. त्यामुळे मी निर्धास्त होतो. "हे म्हणतात," मी इंग्रजीत सांगितलं, "किक मारण्याआधी गोलकीपरचे पाय हलले. नियम चौदा. अशा वेळी पेनल्टी पुन्हा मारायची असते. हे स्वतः चौतीस वर्षं फुटबॉलमध्ये होते, आणि आपल्या निर्णयाबद्दल त्यांना पूर्ण आदर आहे."

"एवढं सगळं म्हणाले?"

"आमची भाषा आटोपशीर आहे."

रेफरीनं आबांकडे पाहिलं, मोघ्यांकडे पाहिलं, मग गोलकीपरला विचारलं, "हललास?"

गोलकीपर धिप्पाड, लाल नाकाचा. सात गोलांनी पुढे. त्यानंही मोघ्यांकडे पाहिलं. "असेन," तो म्हणाला.

मी आबांना दंडाला धरून खुर्चीवर आणून बसवलं. मोघ्यांनी या वेळी बॉल एकदाच ठेवला. मारला. तो पोस्टला लागला, तिथून गोलकीपरच्या पाठीला, आणि तिथून हळूहळू, विचार करत असल्यासारखा, रेषेच्या आत गेला.

पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण सगळे एकदम ग्राउंडमध्ये घुसले. जोशींनी पातेलं आणलं होतंच. पोलिश बेकर कमरेवर हात ठेवून बघत होते, हरलेली टीम कुठली हे आठवत असल्यासारखे.

आबा आणि मी दोघंच खुर्च्यांवर राहिलो. आबांनी चष्मा काढला, मफलरच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मग समोर बघतच, स्वच्छ, ठासून इंग्रजीत म्हणाले, "द गोलकीपर डिड नॉट मूव्ह."

मी पेन काढलं आणि फॉर्मवर, गोल करणाऱ्या खेळाडूच्या रकान्यात, इंग्रजीत 'मोघे' लिहिलं.

आबा वाकून बघत होते.

"नुसतं आडनाव नको," ते म्हणाले. "पूर्ण नाव लिहा."